क्लासची तारीख येईना आणि दुसरीकडून बोलावणं आलंय

आदरणीय काका,

मी 34 वर्षांचा, मूळचा साताऱ्याचा. अमेरिकेत एका रीजनल, म्हणजे छोट्या मार्गांवरच्या एअरलाइनमध्ये एम्ब्राएर 175 विमानावर कॅप्टन आहे. ग्रीन कार्ड झालं आहे. चौदा महिन्यांपूर्वी एका मोठ्या कार्गो एअरलाइनची मुलाखत पास झालो आणि सशर्त ऑफर मिळाली. तेव्हापासून त्यांच्या पूलमध्ये, म्हणजे निवड होऊन थांबलेल्यांच्या यादीत आहे. रुजू होतानाच्या प्रशिक्षणाच्या क्लासची तारीख दोनदा मिळाली, दोनदा पुढे गेली. आता तर तारीखच नाही. माझ्याच दिवशी मुलाखत दिलेला मित्र आधीच्या क्लासमध्ये गेला, त्याच्या खाली साठ जण लागले आणि माझी पाळी येण्याआधी दार बंद झालं. या नोकरीच्या भरवशावर आम्ही सिनसिनाटीला राहायला आलो. पत्नी वृषाली इथे हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगी आठ महिन्यांची. आता एका मोठ्या प्रवासी एअरलाइनने सहा आठवड्यांनंतरचा क्लास देऊ केलाय, बेस बहुतेक न्यूयॉर्क. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, दर रविवारी विचारतात, "ऑर्डर आली का रे?" थांबू की जाऊ? आणि माझ्यात असं काय कमी होतं?

– समीर (नाव बदललं आहे)

प्रिय समीर,

शुक्रवार जवळ आहे म्हणून उत्तर आधी देतो. जा. न्यूयॉर्कचा क्लास घे.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे तुलाही ठाऊक आहे. अडचण एवढीच की ऑफरचं पत्र फाइलला लावलेलं असल्यामुळे तुला कार्गोची नोकरी हातची वाटते आणि न्यूयॉर्क पळतं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. ज्या ज्येष्ठता यादीवर इथे बढती, ड्युटी, सुट्टी सगळं ठरतं, तिच्यात नंबर लागतो तो क्लासच्या पहिल्या दिवशी. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत कंपनी तुझं काही देणं लागत नाही आणि युनियनच्या लेखी तू अस्तित्वात नाहीस. पूलमध्ये काढलेले चौदा महिने कुठल्याही यादीत मोजले जाणार नाहीत. ते फक्त तुझ्या वयात मोजले गेले आहेत, आणि पासष्टला थांबायचंच आहे.

हे मी जवळून पाहिलंय. डोंबिवलीहून इकडे आलो आणि सुरुवातीची वर्षं रात्री बँकांचे चेक वाहिले. दोन इंजिनांचं छोटं सेसना, मागे सीट काढून टाकलेल्या, तिथे चेकच्या पिशव्या. त्या काळी कागदी चेक प्रत्यक्ष त्या-त्या बँकेत पोचल्याशिवाय वटायचा नाही, म्हणून रात्रभर आमच्यासारखी पोरं ढगांतून, बर्फातून ते पोचवत. 2001 च्या सप्टेंबरमध्ये सगळी विमानं जमिनीवर आली आणि चेकही अडकून पडले. मग कायदा झाला आणि ऑक्टोबर 2004 पासून चेकचा कागद न पाठवता त्याच्या प्रतिमेवर व्यवहार करायची वाट मोकळी झाली. आमचं काम बघता बघता आटलं. आमच्या उडण्यात काही चूक नव्हती. ज्या वस्तूसाठी आम्ही उडत होतो, तीच वाहून नेण्याची गरज उरली नाही.

कार्गोची भरती इतकी बेभरवशाची का, याचं निम्मं उत्तर यात आहे. प्रवासी आज आला नाही तरी उद्या येतो, सुट्ट्यांना येतो, लग्नाला येतो. कार्गोचं पोट मात्र दोन-चार मोठ्या करारांवर भरतं आणि एक करार हलला की शेकडो वैमानिकांचा हिशोब बदलतो. फेडएक्स या मोठ्या कार्गो कंपनीचंच घे. अमेरिकी टपाल खात्याची हवाई वाहतूक 2001 पासून त्यांच्याकडे होती, 29 सप्टेंबर 2024 ला तो करार संपला आणि काम मुख्यतः यूपीएस या दुसऱ्या मोठ्या कार्गो कंपनीकडे गेलं. हे टपाल बरंचसं दिवसा उडायचं, म्हणजे वरच्या नंबरांना रात्रीची झोप देणाऱ्या ड्युट्या त्यावर चालायच्या. करार संपायच्याही आधी, 2023 च्या नोव्हेंबरमध्ये, फेडएक्सने आपल्याच वैमानिकांना कळवलं की पीएसए या रीजनल एअरलाइनमध्ये जागा आहेत, हवं तर विचार करा. ज्या रीजनलमधून माणसं आयुष्याचं स्वप्न म्हणून फेडएक्सला जातात, त्याच दिशेला परतीची वाट दाखवली गेली. त्याच्या दोनच वर्षं आधी, साथीच्या काळात, प्रवासी विमानं बंद म्हणून त्यांच्या पोटातून जाणारा मालही बंद, आणि कार्गोवाल्यांना वैमानिक पुरत नव्हते.

यूपीएसने टपाल घेतलं म्हणून त्यांच्याकडे कायमचा सुकाळ झाला असंही नाही. 2025 च्या जानेवारीत त्यांनीच जाहीर केलं की सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा, म्हणजे ॲमेझॉनचा, माल 2026 च्या मध्यापर्यंत निम्म्याहून कमी करणार. मे महिन्यात चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त पार्सलांची करमाफी गेली, ऑगस्टअखेर ती सगळ्या देशांसाठी गेली. मग 4 नोव्हेंबर 2025 ला लुईव्हिलला उड्डाण करताना यूपीएसच्या एमडी-11 या मालवाहू विमानाचं डावं इंजिन पंखापासून सुटलं. विमानातले तिघे गेले, जमिनीवरची माणसं गेली. त्या तिघांबद्दल लिहिताना अजून हात जड होतो, कारण त्या धावपट्टीवरून त्या वेळी निघणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. त्यानंतर एमडी-11 विमानं जमिनीवर ठेवण्याचा आदेश निघाला, फेडएक्सची सुद्धा.

तुझी तारीख का सरकते, हे इथे नीट समजून घे. विमानांचा एक प्रकार थांबला की त्याचे वैमानिक घरी बसत नाहीत, ते दुसऱ्या विमानावर जातात. वरच्या नंबरचा कॅप्टन बोइंग 767 वर आला की तिथला शेवटचा कॅप्टन उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत सरकतो, उजव्या खुर्चीतला आणखी खाली, अशी ती साखळी यादीच्या तळापर्यंत जाते. प्रत्येक सरकणाऱ्याला नवं प्रशिक्षण लागतं, आणि सरावाचे सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरची नकली कॉकपिट, मोजकेच असतात. म्हणून कधी कधी कंपनीला माणसं खरोखर हवी असतात, तरीही नव्या माणसाला क्लास मिळत नाही, कारण सिम्युलेटरचे सगळे तास जुन्यांच्या बदल्यांत गेलेले असतात. तुला ईमेल येते फक्त एका ओळीची, "तारीख पुढे ढकलण्यात आली आहे." ती लिहिणाऱ्याला पुढची तारीख खरंच माहीत नसते. तुला कोणी खेळवतंय असं मनात आणू नकोस.

माझ्यात काय कमी होतं, असं तू विचारलंस. पत्रातली ही ओळ मी दोनदा वाचली. काही कमी नव्हतं. मुलाखत पास झाल्यानंतर तुझा मित्र आणि तू यांत कोणी निवड केली नाही, क्लासच्या खुर्च्या भरल्या एवढंच. एकाच क्लासमधल्यांचे आपसांतले नंबरसुद्धा कुठे वयावर लागतात, कुठे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवर. यादीला गुण कळत नाहीत, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे. खराब हवेत "मी हे विमान नेणार नाही" असं म्हणणाऱ्या कॅप्टनची बढती कोणा साहेबाच्या मर्जीवर असती, तर तो ते म्हणू शकला नसता. ही यादी आंधळी आहे म्हणूनच ती त्याला सांभाळते. तिच्या आंधळेपणाचा घाव तुला लागलाय, तो खराच आहे, पण त्यावरून स्वतःची किंमत करू नकोस.

तुझ्या बाबांना हे समजायला अवघड जाणार नाही. ज्येष्ठता यादी, रुजू दिनांक, हरकती, बदल्या, हे सगळं त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. त्यांना एकच फरक सांग. जिल्हा परिषद बुडत नाही. इथे यादी कंपनीची असते आणि कंपनीबरोबरच जगते. एका कंपनीतला वीस वर्षांचा नंबर दुसऱ्या कंपनीत शून्य. पन्नाशीतला कॅप्टन कंपनी बंद पडल्यावर दुसरीकडे जातो तेव्हा पंचविशीतल्या मुलाच्या खाली बसतो. आणि माणसं कमी करायची वेळ आली की शेवटी आलेला आधी जातो, परत बोलावताना क्रम उलटा.

आता माझी गोष्ट सांगतो, ती तुझ्या निर्णयाशी जोडलेली आहे. 2006 मध्ये मला एका कार्गो कंपनीकडून क्लासची तारीख आली. त्याच आठवड्यात डोंबिवलीत धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि वडील आधीच गेलेले, कन्यादान मलाच करायचं होतं. मी पुढचा क्लास मागितला. पाच आठवड्यांनी मिळाला. त्या पाच आठवड्यांत माझ्या वर बावन्न जण लागले. तेव्हा मला तो आकडा लहान वाटला.

2007 च्या डिसेंबरात वैमानिकांच्या निवृत्तीचं वय साठवरून पासष्ट झालं. वरचे जे जाणार होते ते पाच वर्षं थांबले. शिवाय साठी उलटलेले काही कॅप्टन जुन्या तीन माणसांच्या विमानांवर फ्लाइट इंजिनिअरच्या खुर्चीत बसून होते, त्यांनाही पुन्हा वैमानिकाच्या खुर्चीत यायची मुभा मिळाली. यादी गोठली. मग मंदी आली. 2009 च्या उन्हाळ्यात कंपनीने फर्लोची, म्हणजे तात्पुरतं बिनपगारी घरी बसवायच्या माणसांची यादी लावली. क्रू रूममध्ये भिंतीवर कागद टाचलेला होता, आम्ही सगळे बोट ठेवून नाव शोधत होतो. रेघ माझ्या एकोणीस नंबर वर पडली होती. पहिल्या क्लासला गेलो असतो तर तेहेतीस नंबरांनी वाचलो असतो. मी वीस महिने घरी होतो. सिम्युलेटरवर शिकवायचं तासाचं काम मिळालं, बायकोच्या पगारावर घर चाललं, मुलाचं पोहणं बंद केलं.

बहिणीचं लग्न मी आजही चुकवणार नाही. पण पाच आठवडे म्हणजे वीस महिने हा भाव मला तेव्हा कोणी सांगितला नव्हता. तो तुला सांगावा म्हणून हे लिहिलं. तू पूलमध्ये काढलेला प्रत्येक महिना कुठल्या ना कुठल्या यादीत कोणीतरी तुझ्या पुढे जाण्याचा महिना आहे. न्यूयॉर्कचा हा क्लास सोडलास तर पुढचा तुला मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी मधले सगळे तुझ्या वर असतील.

आता तुझ्या मनातला खरा अडथळा. तू सिनसिनाटी का सोडत नाहीस हे मला कळतं. लुईव्हिल, इंडियानापोलिस आणि खुद्द सिनसिनाटी, कार्गोची ही मोठी केंद्रं तुझ्या घरापासून गाडीच्या अंतरावर आहेत. बेसला गाडीने जाता येणं हे वैमानिकाच्या संसारातलं फार मोठं सुख आहे. न्यूयॉर्कला तुला विमानाने जा-ये करावी लागेल, जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा खुर्ची, मिळाली तर मिळाली, चारजणांच्या भाड्याच्या खोलीत बंकवर झोपावं लागेल. सुरुवातीला रिझर्व्हवर असशील, म्हणजे फोन जवळ ठेवून त्या खोलीतच बसायचं. वृषालीवर आठ महिन्यांच्या बाळाचा भार येईल. याला मी छोटी गोष्ट म्हणणार नाही.

पण कार्गोची रात्र तुझ्या डोळ्यांसमोर नीट आहे का? गाडीने बेसला जाशील, हे खरं. मग संध्याकाळी कुठल्या तरी शहरातून माल घेऊन मध्यरात्रीच्या आसपास हबला, म्हणजे सगळा माल एकत्र येऊन वाटला जातो त्या विमानतळावर उतरशील. बाहेर शेकडो डबे ट्रॉल्यांवर पळत असतात, दिव्यांनी दिवस झालेला असतो. तू झोपायच्या खोलीत जाऊन बूट काढतोस, दोन तास पडतोस, तीन-साडेतीनला गजर होतो, आणि पहाटे पुन्हा उडतोस. घरी येतोस तेव्हा मुलगी उठलेली असते आणि तुला झोपायचं असतं. प्रवासी वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 2014 च्या जानेवारीपासून लागू झाले, त्यातून कार्गोला वगळलं गेलं. मी ही रात्र प्रेमाने केली, हबवरचा पहाटेचा तो शांत अर्धा तास मला अजून आठवतो. पण ती घरात राहून संसार करण्याची नोकरी आहे असं समजून कोणी तिच्यासाठी थांबू नये. कनिष्ठ माणसाच्या वाट्याला रात्र येते, आणि यादी हलत नसेल तर तो बरीच वर्षं कनिष्ठच राहतो.

नंबराचा हिशोब स्वतः मांड. समजा तीन हजारांच्या यादीत तू तळाला लागलास आणि पुढच्या दहा वर्षांत तुझ्या वरचे नऊशे जण पासष्टीचे होणार आहेत. कागदावर तू तीस टक्के वर चढलास. पण एका विमानामागे साधारण दहा ते चौदा वैमानिक लागतात. त्या दहा वर्षांत कंपनीने पन्नास विमानं कमी केली आणि बदली घेतली नाहीत, तर सहाशे जागा गेल्या. नऊशे गेल्यावर तीनशेच भरायचे, म्हणजे तुझ्याखाली तीनशेच माणसं. दहा वर्षांनी चोवीसशेच्या यादीत तू एकविसशेवा. म्हणून दोन यादींची तुलना करताना वरून किती जाणार आहेत एवढंच बघू नकोस, विमानं येतायत की जातायत तेही बघ. विमानांच्या ऑर्डरी आणि कुठला ताफा काढणार हे कंपन्या आपल्या तिमाही निकालांत सांगतात, ते वाच. पूलमधल्या मुलांच्या ग्रुपवर रोज रात्री जे फिरतं त्यापेक्षा ते भरवशाचं असतं.

शुक्रवारच्या आधी कार्गोच्या भरती विभागाला फोन कर, ईमेल नको. "माझी तारीख कधी" हा प्रश्न विचारू नकोस, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. पूलमध्ये माझ्या आधी किती जण आहेत, क्रम ऑफरच्या तारखेवर आहे का, ऑफरची मुदत संपते का, पुढच्या तिमाहीत एखादा तरी क्लास सिम्युलेटरसह नक्की झालाय का, हे विचार. चारही उत्तरं ठाम मिळाली आणि क्लास दोन महिन्यांच्या आत असेल, तरच माझं मत बदलेन. "आम्ही संपर्कात राहू" असं ऐकू आलं तर समजून जा. आणि दुसरीकडे जातोयस हे त्यांना सरळ सांग, अर्जात नवी नोकरी नोंदव. लपवून ठेवलं आणि पुढे पार्श्वभूमी तपासणीत निघालं तर ते जास्त वाईट.

पुढे वर्षभरात कार्गोचा फोन आलाच तर? तेव्हा पुन्हा विचार कर, तो विचार करायला तू मोकळा आहेस. पहिल्या वर्षी गेलास तर तुझा तिथला नंबर तसाही तळातला, सोडून जाणं फार महाग पडत नाही. तीन वर्षांनी तेच महाग होतं, कारण तोवर तुझ्याखाली बरेच जण लागलेले असतात, पगाराची पायरी चढलेली असते. एक मात्र सांभाळ. पहिलं वर्ष प्रोबेशनचं. त्या वर्षात युनियन तुला फारसं वाचवू शकत नाही, म्हणून मन अर्धं लुईव्हिलला ठेवून न्यूयॉर्कची चेक राइड, म्हणजे उड्डाणाची परीक्षा, देऊ नकोस.

रीजनलची कॅप्टनची खुर्ची सोडताना जीव तुटेल. पहिल्या वर्षी हातात कदाचित आताच्याइतकंच पडेल, कदाचित थोडं कमी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू दे, आणि वर्ष होईपर्यंत कुठेही घर विकत घेऊ नका, न्यूयॉर्कला नको आणि सिनसिनाटीलाही नको. भाड्याचं आहे ते राहू दे. तुझे दिवस बेसवर जातील तेव्हा बाळाला सांभाळायला साताऱ्याहून आई सहा महिने येऊ शकतील का, हे आजच विचार. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाही वेळ लागतो.

आणि एक आनंदाची गोष्ट, जी मला पहिल्याच वर्षी कळली. इथे सुट्टीसाठी सगळे तुटून पडतात ते थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि उन्हाळ्यावर. शाळा सुरू झाल्यानंतरचे दिवस बरेचदा रिकामे राहतात. गणपती सप्टेंबरात आले की यादीच्या तळाशी असूनही मला सुट्टी मिळत गेली. दिवाळीला मात्र तुझ्यासारख्याला पहिली काही वर्षं कठीण जाईल, हे वृषालीला आताच सांगून ठेव.

आज रात्री मुलगी झोपली की दोघं बसा. न्यूयॉर्क बेसवर नव्याने लागलेल्या कोणाकडून गेल्या महिन्याचं रिझर्व्हचं वेळापत्रक मिळव आणि ते वृषालीच्या ड्युटीच्या कागदाशेजारी ठेवून एकेक दिवस भरत जा. कोणत्या दिवशी बाळ कोणाकडे, हे पेन्सिलीने लिहा. महिन्यात चार-पाच चौकोन रिकामे राहतील, त्यांची सोय काय, तेवढंच बोला. क्लास घ्यायचा की नाही, यावर पुन्हा वाद घालू नका.

रविवारी बाबांचा फोन आला की त्यांना सांग, ऑर्डर आली, रुजू दिनांकासकट.

तुझा,
काका